पहिला वार आणि खरा मल्ल

2025 सालच्या पहिल्या तीन महिन्यांत एकाच जिल्ह्याने दोन महाराष्ट्र केसरी पाहिले. 2 फेब्रुवारीला अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर पुण्याच्या पृथ्वीराज मोहोळच्या खांद्यावर गदा आली. मार्चअखेरीस त्याच जिल्ह्यातल्या कर्जतला सोलापूरच्या वेताळ शेळकेने पृथ्वीराज पाटीलला हरवून तोच किताब मिळवला. पहिली स्पर्धा महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर संघाची, दुसरी महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची. दोन्हींकडे जाणते पंच होते, हलगी होती, हजारोंची गर्दी होती. 1961 साली औरंगाबादला दिनकर दह्यारींपासून सुरू झालेली केसरींची परंपरा दोघांनीही आपलीच मानली. त्यानंतर पारावर, तालमीत, एस.टी.च्या थांब्यावर जो वाद पेटला तो मात्र या दोन नावांपुरता उरला नाही. मोठा मल्ल ओळखायचा कशावरून, हा त्या वादाचा गाभा होता. गदेवरून, गुणांवरून, पाडलेल्या माणसांच्या यादीवरून, की कुस्ती कशी केली त्यावरून? माझे म्हणणे असे की, ज्या नियमाने एखादी लढत निकालात काढता येते, त्याच नियमाने मल्लाचे मोठेपण मोजता येत नाही. निवाडा ही सोय आहे, ती आवश्यकही आहे. मोठेपण मात्र जाणत्या प्रेक्षकाच्या दीर्घ स्मरणात ठरते, आणि त्या स्मरणालाही स्वतःचे कडक नियम असतात. या म्हणण्याला पुरावा शोधायला दूर जावे लागत नाही. नगर म्हणजेच आजच्या अहिल्यानगर शहराचा जन्म झाला, जवळजवळ तेव्हापासून हा वाद इथे चालू आहे.

मलिक अहमद निजामशहाने 1490 साली निजामशाही उभी केली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत सीना नदीकाठी नगर वसवले. फरिश्ता हा इतिहासकार तरुणपणी याच दरबारात होता; पुढे तो विजापूरला गेला आणि तिथे त्याने आपला ग्रंथ लिहिला. अहमद निजामशहा स्वतः तलवारीचा दर्दी आणि उत्तम हात असलेला माणूस होता, असे तो नोंदवतो. राजाची आवड ती शहराची आवड झाली. मोहल्ल्या-मोहल्ल्यांत तलवारीचे आखाडे निघाले आणि तरुणांत दुसरा विषय राहिला नाही. प्रत्येक जण स्वतःला किंवा आपल्या उस्तादाला सर्वांत सरस म्हणू लागला. भांडणे वाढली, तेव्हा लोक निवाड्यासाठी थेट राजाकडे गेले. राजाने तोड काढली ती अशी: दोघांनी माझ्यासमोर लढावे, ज्याचा वार आधी लागेल तो सरस. निकाल झटपट लागू लागले, पण रोज गर्दी लोटू लागली आणि रोज माणसे मरू लागली. अखेर राजालाच आपल्या डोळ्यांदेखत चाललेला हा प्रकार नकोसा झाला आणि द्वंद्वांना वाड्याबाहेरच्या मैदानात धाडावे लागले. तरीही ही चाल दख्खनभर पसरली, आणि फरिश्ता तिच्याबद्दल खेदानेच लिहितो.

या प्रसंगात आपल्या प्रश्नाचा सगळा पेच आला आहे. तलवारीची विद्या म्हणजे पवित्रा, अंतराचा अंदाज, समोरच्याचा वार अडवणे, त्याला चुकवून थकवणे आणि योग्य क्षणाची वाट पाहणे. राजाच्या नियमाने त्यातली एकच गोष्ट मोजली, आधी कोण पोहोचला. ज्याने वार अडवण्यात आयुष्य घालवले त्याच्या विद्येला या मोजमापात जागाच उरली नाही. आणि नियम एकदा ठरला की शिकणाराही नियमाबरहुकूमच शिकतो; बचाव मागे पडतो, घाई पुढे येते. म्हणजे निवाड्याच्या नियमाने श्रेष्ठत्व शोधले तर नाहीच, उलट श्रेष्ठत्वाची व्याख्याच बदलून टाकली. राजाचा हेतू वाईट नव्हता. ‘सरस कोण’ या प्रश्नाचे उत्तर त्याला एका क्षणात हवे होते, आणि एका क्षणात मिळणारे उत्तर नेहमीच विद्येपेक्षा लहान असते.

नगर, पुणे, बीड या पट्ट्यात जत्रेतल्या कुस्त्यांना हगामा म्हणतात. तो या नियमाच्या अगदी दुसऱ्या टोकाला उभा राहिलेला रिवाज आहे. हगाम्यात गावची पंचमंडळी लोकवर्गणीतून इनाम ठरवतात. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्या, मग इनामाची रक्कम चढत जाते आणि शेवटी मानाची कुस्ती. जोड भर मैदानात लागते. पैलवान आखाड्याला फेरी मारतो, त्याचा अंगपिंड लोक पाहतात, आणि विजोड दिसली तर प्रेक्षकच आरडाओरडा करून ती मोडतात. म्हणजे लढत सुरू होण्याआधीच पहिली कसोटी लागलेली असते: समोरचा तोलामोलाचा आहे का? दुबळ्याला पाडून मिळालेल्या इनामाला पैशाची किंमत असते, मानाची नसते, हे हगाम्यातल्या पोरालाही ठाऊक असते. मग सलामी, खडाखडी, पटात शिरणे, कब्जा घेणे, घिस्सा ओढणे, ढाक लावणे, आणि प्रत्येक डावाला त्याची तोड. पाठ पूर्ण टेकली तरच कुस्ती निकाली. वेळ फार झाला आणि दोघेही हटेनात, तर पंच बरोबरीत सोडवतात आणि इनाम वाटून देतात. या बरोबरीत कमीपणा नाही. चढ्या मल्लाशी बरोबरीत सुटलेला पैलवान घरी जातो तो नाव घेऊनच, कारण हजारोंनी त्याच्याजवळची तोड पाहिलेली असते.

जाणता कुस्तीशौकीन सर्वांत जास्त मान देतो तो या तोडीला. चढाईचा डाव ठरवून, घोटून मारता येतो. एकाच डावावर वीस कुस्त्या मारणारे पैलवान असतात. तोड मात्र क्षणात सुचावी लागते, तीही आपला तोल गेलेला असताना. समोरच्याने हुकमी डाव टाकला आणि त्यातून हा निसटला, इतकेच नव्हे तर निसटता निसटता त्याच्यावर स्वार झाला, तर त्या क्षणी बळ, अभ्यास, धीर आणि बुद्धी ही चारही एकत्र दिसतात. म्हणून या चर्चांमध्ये ‘किती पाडले’ यापेक्षा ‘कोणाला, कुठल्या डावावर, कशातून सुटून पाडले’ हे प्रश्न जास्त रंगतात. मोठेपणाची माझी व्याख्या हीच आहे: तोलामोलाच्या माणसाने आपल्याला संकटात टाकल्यावर जे उत्तर निघते, ते मल्लाचे खरे माप.

याचा सर्वांत स्पष्ट दाखला गामा पैलवानाच्या दोन कुस्त्यांत आहे. 10 सप्टेंबर 1910 रोजी लंडनमध्ये गामा पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी लढला. झिबिस्को वजनाने त्याच्याहून बराच भारी. तो सुरुवातीलाच खाली बसला आणि दोन तासांहून अधिक वेळ गादीला चिकटून राहिला. पाठ टेकली नाही, कुस्ती बरोबरीत राहिली. आठवड्याने पुन्हा लढत ठरली, तिला झिबिस्को आलाच नाही आणि किताब गामाला मिळाला. पुढे 1928 साली पतियाळाला दोघे पुन्हा भिडले आणि गामाने एका मिनिटाच्या आत त्याला चीत केले. निकालाच्या वहीत पहिली बरोबरी आणि दुसरा विजय. तरी पाहणाऱ्याला जे कळायचे ते 1910 सालीच कळले होते. जगज्जेतेपदाच्या तोडीचा मल्ल दोन तास उठायलाच तयार होत नाही, यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र गदा देऊ शकत नाही. 1928 सालच्या झटपट निकालाने त्यात भर पडली, पण तेव्हा दोघेही पन्नाशीकडे झुकले होते. जाणता माणूस आजही मोठी कुस्ती म्हणून लंडनचीच सांगतो.

हा वाद कुस्तीपुरता नाही. कोल्हापुरात तर तो तालमीतूनच फुटबॉलच्या मैदानावर गेला आहे. शाहू स्टेडियमवर उतरणाऱ्या संघांची नावे पाहा: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. पेठांचे शौकीन खेळाडूला जोखतात ते गोलांच्या आकड्यासोबत त्याचा पास, त्याची नजर आणि अवघड वेळचा धीर पाहूनच. जगाच्या पातळीवर फिफाने 2000 साली शतकातला सर्वोत्तम फुटबॉलपटू निवडायला घेतला तेव्हा इंटरनेटवरच्या मतांत मॅराडोना पुढे गेला आणि तज्ज्ञांच्या मंडळाने पेलेला निवडले. शेवटी दोघांनाही गौरवावे लागले. तीन विश्वचषक जिंकलेला पेले आणि एक जिंकलेला मॅराडोना यांच्यातला फरक आकड्यांनी मिटायला हवा होता, तो मिटला नाही. मिटला नाही याचे कारण 22 जून 1986 च्या मेक्सिकोतल्या सामन्यात सापडते. इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाने आधी हाताने चेंडू जाळ्यात ढकलला आणि चारच मिनिटांनी आपल्या अर्ध्या मैदानातून इंग्लंडचे खेळाडू एकामागून एक मागे टाकत दुसरा गोल केला. पंचांच्या वहीत दोन्ही गोलांची किंमत एकच. जगातल्या कुठल्याही रसिकाने मात्र ते दोन गोल कधी एका तागडीत घातले नाहीत. एकाच माणसाच्या, एकाच सामन्यातल्या दोन कृतींमधले अंतर निवाड्याला दिसले नाही, स्मरणाला दिसले.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो वजनदार आहे. हे सगळे मातीचे गुणगान झाले, पदके तर गादीवर आली. ऑलिंपिकला तेल, ताक, हळद घालून मुरवलेली लाल माती मिळत नाही. तिथे तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात, समोरच्याला वर्तुळाबाहेर ढकलले तरी गुण मिळतो, आणि दहा गुणांची आघाडी झाली की पाठ न टेकताही कुस्ती संपते. खाशाबा जाधव 1948 साली लंडनला गेले तेव्हा गादी त्यांच्या सवयीची नव्हती. फ्लायवेट गटात सहावा क्रमांक आला. चार वर्षांनी हेलसिंकीला बँटमवेट गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांनी गादी आत्मसात केली नसती तर हे घडले नसते. आक्षेपाचा हा भाग मला पूर्ण मान्य आहे. गादीच्या नियमांनी रेंगाळणाऱ्या कुस्त्या संपवल्या, चढाईला बक्षीस दिले, हलक्या मल्लाला वजनगटाचे संरक्षण दिले. 1910 सालचा झिबिस्को आजच्या नियमांत दोन तास पडून राहू शकला नसता. पण खाशाबांचे उदाहरण नीट पाहिले तर ते माझ्याच बाजूचे निघते. परक्या पृष्ठभागावर, परक्या नियमांत सापडलेल्या माणसाने चार वर्षांत त्याची तोड शोधली. संकटाला दिलेले उत्तर म्हणजे मोठेपण, या व्याख्येत खाशाबा मातीतल्या कुठल्याही महामल्लाइतकेच बसतात. माती की गादी, हा वाद साधनाचा आहे. माप दोन्हीकडे एकच लावता येते.

उलट गदेचे माप लावले तर काय होते ते पाहा. महाराष्ट्र केसरीचा किताब वजनदार गटाचा आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण लिहिले. त्यात मल्लांच्या निरनिराळ्या प्रती सांगितल्या आहेत, म्हणजे सगळ्या मल्लांना एका मापाने मोजू नये, ही समज आपल्याकडे जुनी आहे. तरीही गावोगावी आज ‘मोठा पैलवान’ म्हटले की डोळ्यांसमोर धिप्पाड देहच येतो. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेने 2018 साली राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात सुवर्ण आणि 2019 साली जागतिक स्पर्धेत 61 किलो गटात कांस्य जिंकले. गदा त्याच्या वाट्याला कधी येण्यासारखीच नव्हती. स्त्रियांना तर या किताबाची दारे 2023 पर्यंत बंद होती. त्या वर्षी सांगलीला प्रतीक्षा बागडी पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि 2025 साली तो मान नगर जिल्ह्याच्या भाग्यश्री फंडकडे आला. त्याआधीच्या पिढ्यांतल्या मुलींमध्ये मोठ्या मल्ल झाल्याच नाहीत, असे कोण म्हणेल? किताब नव्हता म्हणून गुणवत्ता नव्हती असे होत नाही, आणि किताब आहे म्हणून दुसऱ्याची गुणवत्ता कमी ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. प्रेक्षकाच्या स्मरणावर भरवसा ठेवायचा, तर तो प्रेक्षक निःपक्ष असतो का? नसतो. गाव, तालीम, जात, पक्ष, वस्ताद या सगळ्यांचे रंग त्याच्या डोळ्यांत असतात. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या माती विभागातल्या लढतीत टांग डावाला दिलेल्या चार गुणांवरून महाराष्ट्रभर रान पेटले. चित्रफितीचा तोच तुकडा पाहून दोन बाजूंचे लोक दोन वेगळ्या गोष्टी शपथेवर सांगत होते. वाडिया पार्कवर याहून वाईट घडले. उपांत्य लढतीत पाठ टेकल्याचा निर्णय शिवराज राक्षेला मान्य झाला नाही आणि त्याने पंचांना लाथ मारली. अंतिम लढतीत थोडे सेकंद उरले असताना गुणावरून वाद झाला आणि गायकवाडने गादी सोडली. दोघांवरही तीन वर्षांची बंदी आली. लाथेचे समर्थन करणारेही बरेच निघाले. म्हणून आक्षेपक विचारतात, असल्या गर्दीच्या हाती मोठेपणाचा निर्णय द्यायचा का?

माझे उत्तर असे, की गर्दी आणि जाणता प्रेक्षक हे दोन वेगळे आहेत, आणि त्यांना वेगळे करणारी गोष्ट आहे वेळ. त्या रात्रीचा संताप पक्षपाती असतो; पाच-दहा वर्षांनी उरलेले मत तसे राहत नाही, कारण तोवर विरुद्ध तालमीच्या माणसांनीही ते तपासलेले असते. हगाम्यात दोन्ही वस्ताद आखाड्यालगत उभे असतात, त्यामुळे खोटी फुशारकी फार दिवस टिकत नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये दोन संघटनांच्या दोन स्पर्धा झाल्या. फुलगावला राक्षे सिकंदरकडून अंतिम कुस्ती हरला आणि त्याच महिन्यात धाराशिवला हर्षवर्धन सदगीरला हरवून केसरी झाला. एकाच महिन्यात एकच मल्ल केसरी आहे आणि नाहीही. संघटनांच्या कागदांनी हा गुंता सुटत नाही. तो सोडवतात त्या दोन्ही कुस्त्या डाव-डाव आठवणारी माणसे. पंचाच्या चुकीबद्दलही हेच. चुकीचा निर्णय गदा हिरावू शकतो, मल्लाची योग्यता हिरावू शकत नाही. हे ज्याला कळले त्याला लाथ मारण्याचे कारणच उरत नाही. राक्षे हा मोठ्या ताकदीचा मल्ल आहे यात शंका नाही. पण लाथ हे संकटाला दिलेले उत्तरच होते, आणि ते चुकीचे होते. ज्या मापाने तोडीचे कौतुक करायचे त्याच मापाने हा दोषही त्याच्या खाती मांडला पाहिजे.

या मापाने नगर जिल्ह्याचा एक मल्ल पुन्हा पाहावा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याचा हर्षवर्धन सदगीर जानेवारी 2020 मध्ये नाशिककडून खेळत बालेवाडीला महाराष्ट्र केसरी झाला. समोर लातूरचा शैलेश शेळके. दोघेही वस्ताद काका पवारांचे पठ्ठे, एकाच तालमीत घाम गाळलेले, एकमेकांचे डाव आणि तोडी पाठ असलेले. इतकी तुल्यबळ जोड क्वचित लागते, आणि निकाल 3-2 इतका निसटता लागला. निकालानंतर सदगीरने हरलेल्या शेळकेला खांद्यावर उचलून घेतले. पुढे धाराशिवला सदगीर हरला, तरी बालेवाडीच्या त्या कुस्तीचा मान तसूभर कमी झाला नाही. गदा जिंकणाऱ्या अनेकांची नावे लोक वर्षभरात विसरतात. शेळके हरूनही या आठवणीत टिकला आहे, कारण त्याने जिंकणाऱ्याचा पूर्ण कस लावला. तोलामोलाच्या प्रतिस्पर्ध्याशिवाय मोठेपण सिद्ध होत नाही, हे सदगीरने भर मैदानात मान्य केले.

म्हणून माझा निर्णय स्पष्ट आहे. एका राज्याला एकच महाराष्ट्र केसरी हवा. संघ आणि परिषद यांनी आपला वाद मिटवून एकच मैदान भरवावे, आणि शंकास्पद गुण पुन्हा तपासताना त्याची चित्रफीत मैदानातल्या सर्वांना दाखवावी. निवाडा जितका उघडा, तितका तो मल्लाला आणि पंचाला दोघांनाही सांभाळतो. पण ही सुधारणा झाली तरी मोठेपणाचा प्रश्न गदेवर सोपवून मोकळे होता येणार नाही. अहमद निजामशहाने पाचशे वर्षांपूर्वी तो पहिल्या वारावर सोपवून पाहिला, आणि त्याच्याच शहराने त्याची किंमत मोजली. कुस्तीशौकिनांनी पुढच्या जत्रेत आपल्या पोरांना आखाड्यालगत बसवावे आणि कोण जिंकला हे सांगण्याआधी कोणी कोणत्या डावाला कोणती तोड काढली ते दाखवावे. हे पाहायला शिकलेला प्रेक्षक ज्या जिल्ह्यात आहे, तिथे खऱ्या मल्लाची उपेक्षा होणार नाही.